आईच्या मध्यस्थीवाचून

अलिबाग.

चिरंजीव धाकट्यास,

अकरा मिनिटांनी थोरला असलेला तुझा जुळा भाऊ लग्नानंतर परका झाला आणि त्याची खुशाली तुला आता आईकडून कळते, ही तुझी तक्रार मी दोनदा वाचली. तिच्यातील दुःख खरे आहे हे मान्य करूनही, खुशाली आईकडून कळते हे तू ओझरते लिहिलेले शेवटचे वाक्यच मला सर्वांत चिंतेचे वाटले.

गेल्या आठवड्यात रेवदंड्यास ताईकडे, तुझ्या आईकडे, गेलो होतो. ओटीवर बसून ती पांढऱ्या कांद्यांची माळ सोडीत होती. पुढ्यात दोन पिशव्या, एक तुझी, एक त्याची. एकेक कांदा तळहातावर तोलून आळीपाळीने टाकताना शेवटी जो एक उरला, तो कोणालाच न देता तिने पुन्हा खुंटीला अडकवला. चाळिशी गाठलेल्या दोन गृहस्थांचा हिशेब आजही असा जपणाऱ्या त्या माउलीला पाहून मला भरून आले, आणि भयही वाटले. कारण तुम्हा दोघांतील सारा व्यवहार तिच्या थकल्या हातांतूनच चालला आहे.

आपल्याच किनाऱ्याचा दाखला घे. कान्होजी आंग्रे 1729 साली निवर्तले. थोरल्या सेखोजींनी घर सांभाळले, परंतु 1733 मध्ये तेही गेले आणि संभाजी व मानाजी या बंधूंत असा कलह माजला की अखेर 1735 साली बाजीराव पेशव्यांच्या मध्यस्थीने दौलत विभागून कुलाबा ‘वजारतमाब’ मानाजींकडे व विजयदुर्ग ‘सरखेल’ संभाजींकडे राहिला. पुढे 1756 मध्ये संभाजींनंतर आलेल्या तुळाजी या बंधूच्या हातून विजयदुर्ग गेला, तेव्हा इंग्रजांच्या जोडीने चालून आलेली फौज पेशव्यांचीच होती. तिऱ्हाइताने करून दिलेल्या वाटणीत किल्ले बिनचूक मोजले गेले, पण भावांनी एकमेकांसमोर बसून बोलायचे ते राहूनच गेले असावे, असे कान्होजींच्या समाधीवरून जाताना मला नेहमी वाटते.

याउलट, आपल्याच जिल्ह्यातील गागोद्याचे विनोबा 1916 साली घर सोडून काशीस गेले. 1918 मध्ये आई गेली. तरीही बाळकोबा आणि शिवाजी हे दोघे धाकटे बंधू त्यांच्याच मार्गास लागले, आणि बाळकोबांनी उरुळीकांचनच्या निसर्गोपचाराचे काम स्वतंत्रपणे अंगावर घेतले. एका छपराखाली राहणे त्या स्नेहाला अगत्याचे वाटले नाही.

म्हणून सूनबाईला बोल लावू नकोस. तिच्या संसारात तो रमला आहे, हे तर आपण अक्षता टाकताना मागितलेच होते. तुला त्याची उणीव भासते, एवढेच त्याला लिही. वाडीच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करण्याच्या दिवशी तलाठ्याच्या कचेरीत तुम्ही प्रथम समोरासमोर यावे, हे मला सोसवणार नाही.

आणि ते पत्र ताईच्या हाती देऊ नकोस. टपालाने थेट त्याच्या पत्त्यावर टाक.

तुझा,
मामा