एक्स्प्रेसवे सीसी बघत नाही

प्रश्न : मी कर्जतला राहते, नोकरी खोपोलीत. सहा वर्षं स्कूटर चालवतेय. आता ३५०-४०० सीसीची मोटरसायकल घ्यायचीय. वेगळं लायसन्स लागेल का? आणि एवढ्या मोठ्या गाडीला एक्स्प्रेसवेवर सोडतात ना?
– एक वाचक, कर्जत

उत्तर : नाही, सोडत नाहीत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे, मग ती कितीही सीसीची असो. पुण्याला जाताना जुनाच हायवे धरा. सीसीनुसार वेगळं लायसन्सही नसतं. पण तुमचं लायसन्स बिनगिअरचं असेल, तर ते इथे चालणार नाही. लर्निंग काढा, तीस दिवसांनी गिअरची टेस्ट द्या.

आता गाडी. नुसत्या सीसीवर जाऊ नका. ३४९ सीसीची हंटर सुमारे २० अश्वशक्तीची, तर २०२३मध्ये आलेली ३९८ सीसीची ट्रायम्फ स्पीड ४०० तिच्या जवळजवळ दुप्पट. तुम्हाला पहिलीच पुरे, असं माझं मत. शिवाय ३५० सीसीच्या वर जीएसटी १८ऐवजी ४० टक्के. मात्र हंटरचं वजन १८१ किलो आहे. शोरूममध्ये बसून दोन्ही पाय टेकतात का, गाडी मागे ढकलता येते का, ते आधी बघा. (मित्राची एखादी जुनी शंभर सीसी मिळाली तर क्लच तिच्यावरच शिका, पाडलीत तरी खर्च कमी.)

पहिला महिना पळसदरीपर्यंतच, सकाळी. नेरळ-माथेरानचा घाट एवढ्यात नको. चढावर, वळणात हाफ क्लच सांभाळताना भलेभले गाडी बंद पाडतात. आणि पावसाळ्यात एबीएस असलं तरी चिखलावर ब्रेक हळूच.