पास हरवला म्हणून हक्क हरवत नाही

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज लोकलने कामाला जातो. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी परतताना आत शिरायला जागाच नव्हती, म्हणून दारात उभा होतो. आतून रेटा आला आणि धावत्या गाडीतून खाली पडलो. उजव्या पायाची नडगी मोडली, आत रॉड बसवला आहे. त्या गडबडीत पाकीट गेले आणि त्यासोबत तिमाही पासही. हॉस्पिटलचे बरेचसे बिल मेडिक्लेममधून भागले. ओळखीचे म्हणतात, ‘दारात उभा होतास, चूक तुझीच. पासही नाही, काही मिळायचे नाही.’ अकरा महिने झाले. आता भरपाई मागता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मागता येईल, पण उरलेला एक महिना दवडू नका. रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अपघातापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर उशिराचे सबळ कारण पटवून द्यावे लागते.

‘चूक तुझीच’ हे आधी मनातून काढून टाका. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात कोणी हौसेने लटकत नाही आणि कायदाही हे ओळखतो. रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 124-अ प्रमाणे प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेचा दोष सिद्ध झाला नाही तरी भरपाई मिळते. आत्महत्येचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरातले कृत्य आणि आजारपण एवढेच अपवाद आहेत. प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे ‘स्वतःहून करून घेतलेली इजा’ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात 2018 मध्ये स्पष्ट केले.

पासचे उत्तरही त्याच निकालात आहे. जवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. प्रवासाची हकीकत प्रतिज्ञापत्रावर मांडा. मग ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. पास मोबाइलवर काढला असेल तर ॲपमधली नोंद, नाहीतर पैसे भरल्याची बँकेतली नोंद, जुने पास, त्या दिवशीची ऑफिसची हजेरी, असे मिळेल ते जोडा.

स्टेशन मास्तरांचा मेमो, लोहमार्ग पोलिसांकडची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे यांच्या प्रती मिळवा. हॉस्पिटलचा पहिला केसपेपर मात्र नीट वाचा. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून घरचे कधी कधी ‘रस्त्यात घसरून पडले’ असे सांगतात आणि तीच ओळ पुढे आड येते. तसे झाले असेल तर वकिलापासून लपवू नका.

रक्कम पगारावर किंवा बिलावर ठरत नाही. दुखापतीनुसार ती नियमांच्या अनुसूचीत दिलेली असते. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी आठ लाख रुपये आहेत. हाड मोडल्याची रक्कम त्याहून बरीच कमी असते, तेव्हा ‘लाखो मिळवून देतो, अर्धे माझे’ म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. मेडिक्लेमचे पैसे घेतल्याने हा हक्क जात नाही. कलम 128 विम्याची रक्कम वेगळी मानते.

आजच अपघाताची तारीख कागदावर लिहा आणि तिच्यात एक वर्ष मिळवा. त्या दिवसाआधी अर्ज दाखल झाल्याची पोच तुमच्या हातात असायला हवी.