देयकांची एक्सएमएल फाइल आत घेताना

भारतातील आरटीजीएस व्यवस्था २०१३ पासून आयएसओ २००२२ या मानकाच्या एक्सएमएल संदेशांवर चालते. कंपनीने बँकेला देयकांची यादी पाठवायची असेल, तर त्यासाठी याच मानकात ‘पेन.००१’ हा संदेश आहे. अशी फाइल आपल्या जावा प्रोग्रॅमकडे आली की पुढील क्रम पाळावा.

१. स्कीमा आपल्याजवळच ठेवावा. कोणता घटक कुठे, किती वेळा आणि कशा मूल्यासह यावा, याचे नियम एक्सएसडी स्कीमात असतात. आलेल्या फाइलमध्ये दिलेल्या पत्त्यावरून तो कधीही उतरवून घेऊ नये. संदेशाची आवृत्ती नेमस्पेसमध्ये लिहिलेली असते. ती पाहून आपल्याकडचा स्कीमा निवडावा.

२. पार्सरमध्ये डॉकटाइप बंद करावा. तो उघडा राहिला तर बाहेरची फाइल पार्सरला आपल्या सर्व्हरवरील मजकूर वाचायला लावू शकते. देयकांच्या फाइलला त्याची गरज नसते.

३. आता तपासणी. ‘स्कीमा’ ऑब्जेक्ट एकदाच तयार करून सर्व थ्रेडमध्ये वापरता येतो. ‘व्हॅलिडेटर’ मात्र थ्रेडसाठी सुरक्षित नाही, तो प्रत्येक फाइलसाठी नवा घ्यावा. त्याला स्वतःचा एरर हँडलर द्यावा, नाहीतर पहिल्याच चुकीवर काम थांबते. हँडलरने प्रत्येक चूक ओळ क्रमांकासह नोंदवावी. फाइल पाठवणाऱ्याला सगळ्या चुका एकदम कळल्या, तर त्याचे हेलपाटे वाचतात.

४. संपूर्ण फाइल वैध ठरल्यावरच मूल्ये वाचावीत. मोठ्या फाइलसाठी स्टॅक्स वापरावे. ते एकेक घटक वाचत पुढे जाते, सगळी फाइल मेमरीत धरत नाही. रक्कम ‘बिगडेसिमल’मध्येच घ्यावी. ‘डबल’मध्ये ०.१ सुद्धा अचूक मावत नाही, आणि पैशांच्या हिशेबात हे चालणारच नाही.

५. डेटाबेसमधील लांबी जुळवून पाहावी. देवनागरी नावे येत असतील तर हे टाळू नये. ‘लक्ष्मी’ आपल्याला दोन अक्षरी वाटते. स्कीमा मात्र जोडाक्षरे सुटी करून सात चिन्हे मोजतो आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांचे २१ बाइट होतात. रकान्याची मर्यादा बाइटमध्ये असेल, तर स्कीमाने मान्य केलेले नावही तिथे अडकते.

६. स्कीमाच्या आवाक्याबाहेरचे नियम शेवटी प्रोग्रॅमने तपासावेत. शीर्षभागात व्यवहारांची संख्या असते आणि नियंत्रण-बेरीजही देता येते. हे आकडे प्रत्यक्ष नोंदींशी जुळतात का, हे स्कीमाला ठरवता येत नाही. बेरीज जुळली नाही तर एकही व्यवहार पुढे पाठवू नये. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि पाठवणाऱ्याला लगेच कळवावे.