ओव्हरटेकिंगचं गणित

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर एका दिशेला तीन लेन : डावी जड वाहनांची, मधली कारची, उजवी फक्त ओव्हरटेकिंगची. हे सगळ्यांना पाठ असतं, पण परीक्षेपुरतंच!

गेल्या सुट्टीत घरी जाताना बोरघाटात आमच्या बसपुढे डावीकडे ट्रेलर, मध्ये एक ट्रक आणि त्याला उजवीतून ओलांडणारा दुसरा. एक ताशी 38 किमी, दुसरा 40 असेल. आता गणित करू. दोघांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर मिळून 60 मीटर धरा. फरक ताशी 2 किमी, म्हणजे सेकंदाला 0.56 मीटर. वेळ 108 सेकंद! तेवढ्यात ट्रक 1200 मीटर पुढे जातो, आणि तेवढा वेळ अख्खा रस्ता बंद. फरक 20 असता, तर 11 सेकंदांत काम झालं असतं.

कंटाळून एक कार डावीकडून घुसली. ट्रेलरवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली.

मीही बाबांची गाडी चालवताना 'लिमिटमध्येच आहे ना' म्हणत उजवीतच असायचो. मित्रांनो, ओव्हरटेक झालं की डावीकडे या. मी आता येतो.