कानांचे गणित

मुलांनो, नको ते दृश्य समोर आले की आपण डोळे मिटून घेतो. कानांना मात्र निसर्गाने पापण्या दिलेल्या नाहीत. आपण गाढ झोपेत असतानाही ते उघडेच असतात.

बाहेरून आलेल्या ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब अशी तीन चिमुकली हाडे आहेत. रिकीब तर मानवी देहातील सर्वांत लहान हाड होय. त्यांच्याद्वारे कंपने गोगलगाईच्या शंखाप्रमाणे वेटोळे घेतलेल्या नळीत पोहोचतात. तेथे सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्यांच्या टोकांवरील सूक्ष्म तंतू कंपनांनी डोलू लागले की मज्जातंतूंवाटे मेंदूला संदेश जातो. झुळकीने डोलणारे शेत वादळात आडवे होते. अतितीव्र आवाजाने केशपेशींची तीच गत होते. शेत निदान पुन्हा पेरता येते. पक्ष्यांच्या कानांतही मृत केशपेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसाच्या कानांत त्या उगवत नाहीत.

आवाजाची तीव्रता डेसिबल या मापाने मोजतात. ती ३ डेसिबलांनी वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि कानाला ती सोसण्याची मुदत निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविलेल्या मानकानुसार मुलांनी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्यातून फार तर ४० तास ऐकावा. मग ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १० तास आणि ८७ ला अवघे अडीच तास! पुढचे गणित तुम्हीच करून पाहा.

भव्य ध्वनिक्षेपकांची मैफल तेवढी घातक, कानांतले इवलेसे हेडफोन निरुपद्रवी, असे पुष्कळांना वाटते. काहीजण नेमके उलट सांगतात. मला हा वाद फोल वाटतो. ऊर्जा कर्ण्यातून आली की हरभऱ्याएवढ्या यंत्रातून, हे केशपेशीला कळत नाही. भेद आहे तो श्रोत्याच्या वागण्यात. मैफलीतील आवाज कधीकधी १०० डेसिबलपर्यंत चढतो खरा. परंतु मैफल काही रोज नसते, आणि तेथून मागे सरकता येते. मोकळ्या मैदानात ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले, तर आवाज सुमारे ६ डेसिबलांनी उतरतो. हेडफोनपासून मागे कोठे सरकणार? शिवाय एस.टी.च्या गाडीत इंजिनाची घरघर ऐकू येऊ नये म्हणून आपण गाणे चढवितो. गाडी थांबते, गाणे तसेच चढलेले राहते. शेजाऱ्याला त्रास नाही, म्हणून कोणी रागावतही नाही. हेडफोनच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्याचा आवाज उतरविणे आपल्या हाती असते. मैफलीत ते नसते.

गाणे संपल्यावर कानांत गुणगुण राहिली किंवा दडे बसल्यासारखे वाटले, तर आवाज मर्यादेबाहेर गेला होता असे समजावे. पुढे प्रथम हरपतात ते उंच पट्टीतील सूक्ष्म आवाज. साधे बोलणे ऐकू येत असल्याने ही हानी वर्षानुवर्षे ध्यानातही येत नाही. तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवून कलावंत जो झंकार काढतात, तो बराचसा अशाच उंच उपस्वरांचा असतो. श्रवण उणावलेल्या श्रोत्याला तंबोरा ऐकू येतो. त्यातला झंकार मात्र फिका पडलेला असतो.