घड्याळ दुसऱ्याच्या लेनवरचं

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 9



काल आठवा श्लोक झाला. माती, दगड आणि सोनं ज्याला सारखंच, तो योगी. आजचा नववा त्याहून कठीण आहे, कारण इथे वस्तूंच्या जागी माणसं येतात. भगवंतांनी नऊ प्रकारची माणसं एका रांगेत बसवली आहेत : सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, नावडता, नातलग, साधू आणि पापी. या सगळ्यांविषयी ज्याची बुद्धी सम राहते, तो विशेष. दगड आणि सोनं एकवेळ सारखं मानता येईल (घराचा हप्ता चालू असताना तेही अवघडच), पण आपलं मूल आणि शेजारच्या लेनमधलं मूल?

या रांगेत उदासीन आणि मध्यस्थ हे दोघे शेजारी शेजारी बसलेत. वरवर दोघे एकच वाटतात, कारण दोघेही कुणाच्या बाजूचे नाहीत. शंकराचार्य भाष्यात फरक करतात. उदासीन कुणाचाच पक्ष घेत नाही. मध्यस्थ मात्र परस्परविरुद्ध असलेल्या दोघांचंही हित चिंतणारा असतो. हा फरक मला पुस्तकात समजला, पण दिसला तो पोहण्याच्या स्पर्धेत.

आमची लेक शिवाजी पार्कजवळच्या पालिकेच्या महात्मा गांधी तलावावर पोहायला शिकली. शीव कोळीवाड्याहून पहाटे तिला नेणं आणि नंतर ऑफिसचा लॅपटॉप उघडणं, हा आमचा दिनक्रम. आता ती 10 वर्षांखालील गटात उतरते. मोठ्या स्पर्धांना संघटनेचे प्रशिक्षित पंच असतात. क्लबच्या छोट्या स्पर्धेत माणसं कमी पडतात आणि मग माइकवरून हाक येते, "पालकांपैकी कुणी मदतीला येईल का?" त्या क्षणी सगळी गॅलरी मोबाईलमध्ये बघायला लागते. माझा एक वर्गमित्र न्यू जर्सीला असतो. तो सांगतो, तिकडे मुलांच्या उन्हाळी लीगमध्ये पालकांना पाळ्याच लावून देतात, सुटका नाही. मला ती पद्धत आवडते.

कामं बरीच असतात. कुणी मार्शलिंगला, म्हणजे टोप्या-गॉगल घातलेली सगळी सारखीच दिसणारी आठ-आठ वर्षांची पोरं हीटप्रमाणे बाकावर बसवून ठेवायची, आणि ऐन वेळी एकाला शू लागते. कुणी लेनवरच्या चिठ्ठ्या नोंदणीच्या टेबलावर पोचवायच्या. बाकीचे टाइमकीपर. प्रत्येक लेनला तीन घड्याळं. दोन जुळली तर ती वेळ. तिन्ही वेगळी आली तर मधली. एखादं बंद पडलं तर उरलेल्या दोघांची सरासरी. तीन वेळांची सरासरी न काढता मधली घेणं हे मला इंजिनिअर म्हणून फार पटतं, एकाचा अंगठा उशिरा पडला तरी निकाल बिघडत नाही. मुख्य टाइमकीपर सर एवढंच बघतात, की आपल्या मुलाच्या लेनवर आपण नको.

मला 4 नंबरची लेन मिळाली. लेक 5 मध्ये. 50 मीटर फ्रीस्टाइल.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना एक सांगतो. भिंतीला हात लागलेला दिसायचा तर काठावरून ओणवं होऊन सरळ खाली पाहावं लागतं. शेवटच्या काही मीटरमध्ये तुमच्या लेनशिवाय काही दिसत नाही, बूट मात्र भिजतात. माझी लेक हाताभर अंतरावर शर्यत संपवत होती आणि मी दुसऱ्याच्या मुलीच्या बोटांकडे बघत होतो. आणि मंडळी, मी पुटपुटत होतो, "चल, चल, आलीस." त्या मुलीला! मला तिचं नावही माहीत नव्हतं.

माझ्या घड्याळात 41.66. माझ्या दोन्ही बाजूच्या पालकांकडे 41.60 आणि 41.86. मधली वेळ माझी. लेनवर 5 ची अधिकृत वेळ आली 41.71. तिसरा क्रमांक 4 ला, लेक चौथी.

मग गॅलरीतून आमच्याच बॅचचे एक पालक मोबाईल घेऊन खाली आले. व्हिडिओत 5 आधी पोचल्यासारखी दिसत होती. तिरक्या कोनातून काहीही दिसतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तुमच्याच मुलीचं पदक आहे. घड्याळ नीट दाबलं गेलं नाही म्हणा ना." आणि डोक्यात हिशोब आपोआप झाला, धंद्याची सवय. माझं घड्याळ बाद झालं तर 41.60 आणि 41.86 ची सरासरी 41.73. लेक 2 शतांशांनी तिसरी. तेवढ्यात रेफरींनी विचारलं, "4 नंबर, घड्याळ ठीक चाललं?" मी म्हटलं, "ठीक चाललं सर. 41.66."

मला इथे 1960 चं रोम ऑलिंपिक आठवतं. 100 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटच्या लेनवरची तिन्ही घड्याळं 55.2 दाखवत होती, अमेरिकेच्या लान्स लार्सनच्या लेनवरची 55.0, 55.1 आणि 55.1. तरी सुवर्ण डेव्हिटला गेलं, कारण तेव्हा क्रम डोळ्यांनी पाहणारे पंच ठरवत. त्यांच्यात एकमत होईना, तेव्हा मुख्य पंचांनी कौल दिला आणि लार्सनची वेळही 55.2 लिहिली गेली. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकपर्यंत भिंतीवर टचपॅड आले, त्यामागे या वादाचाही वाटा होता. लार्सनच्या काठावरच्या त्या तिघांनी पाहिलं ते नोंदवलं होतं. पुढचं त्यांच्या हातात नव्हतं.

आता गीतेचा पहिलाच श्लोक पुन्हा काढून बघा. तो एका बापाचा प्रश्न आहे. धृतराष्ट्र विचारतो तेव्हाच माणसांचे दोन गट करतो : माझे, आणि पंडूचे. पंडूचीही मुलं त्याच्याच अंगणात वाढली, पण "माझे" मध्ये ती नाहीत. सांगणारा संजय मात्र दोन्हीकडचं जसं दिसतं तसं सांगतो, आणि ते सांगताना कोरडा नसतो. मला तो उदासीन कधीच वाटला नाही. गॅलरीत मोबाईल बघत बसलेला उदासीन असू शकतो, त्याला कुणाशीच काही देणंघेणं नाही. काठावर ओणव्या माणसाला तसं राहताच येत नाही. समबुद्धी म्हणजे आपल्या लेकीवरची माया कमी करणं असेल, तर ती मला जमणार नाही आणि शिकायचीही नाही. पण दुसऱ्याच्या लेकीसाठी तोंडातून "चल, चल" निघतं, ही वाट मला चालता येईल असं वाटतं.

परतीच्या टॅक्सीत लेक गप्प होती. सायन सर्कलच्या सिग्नलला तिने विचारलं, "बाबा, तू तिचं घड्याळ धरलं होतंस ना?"

"हो."

"मग माझं कुणी धरलं होतं?"

"तिघं होते. त्यातली एक तिची आई."

ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तिच्या आईने मला टॉवेल दिला." आणि भूक लागली म्हणून सांगितलं.

पुढची स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. या वेळी बायको म्हणते, ती मार्शलिंगला जाणार.

उद्या दहावा श्लोक, एकांताचा.

राम कृष्ण हरी.