बोलका तुकडा

युद्ध संपले म्हणजे मोडक्या तोफा, विमानांचे पंख आणि जहाजांचे सुटे भाग यांना भंगाराचे मोल येते. तरीही काही ठिकाणी अशा वस्तू जपून, सर्वांना दिसतील अशा मांडून ठेवतात. मुंबईत धोबीतलाव येथील सेंट झेवियर्स हायस्कूलने असाच एक धातूचा तुकडा जतन केला आहे. तो 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाच्या पंख्याचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४४ मध्ये, हे जहाज लढाऊ विमाने, सोन्याच्या लगडी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा घेऊन इंग्लंडहून निघाले. वाटेत कराची बंदरात त्यावर कापसाच्या हजारो गासड्या चढविण्यात आल्या. डिलाईल रोडच्या गिरण्या त्या काळी कापसावरच चालत. हजारो कामगारांची भाकरी त्यावर अवलंबून असे. परंतु हाच कापूस पेटला की आतल्या आत धुमसत राहतो. दारूगोळ्याशेजारी त्याला ठेवणे म्हणजे संकटास आमंत्रणच होय.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत माल उतरविला जात असता दुपारी जहाजातून धूर निघू लागला. अग्निशामक दलाचे जवान धावून आले. त्यांनी पाण्याचा सतत मारा केला. पण आग विझेना. चार वाजून गेल्यावर प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. जहाजाच्या ठिकऱ्या उडाल्या. पंख्याचा एक तुकडा उडून या शाळेत येऊन पडला. आठशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. आग विझविणारे ६६ जवान त्यांतच होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

युद्धकाळातील निर्बंधांमुळे या घटनेचे वृत्त बाहेर पाठविण्यास वार्ताहरांना मे महिन्यापर्यंत परवानगी मिळाली नाही. बातम्या रोखता आल्या. पण शाळेत पडलेला तुकडा नाहीसा करता आला नाही.

मात्र अशी वस्तू नुसती ठेवून भागत नाही. ती कशाची, कोठे व केव्हा सापडली, हे तिच्याजवळ लिहावे लागते. तिचे वाकलेले कोपरे सरळ करावयाचे नसतात. कारण स्फोटाची साक्ष तेच देतात. नोंद हरवली, तर उरते ते केवळ भंगार.

स्वाध्याय
१. कापूस व दारूगोळा एकत्र ठेवणे धोक्याचे का ठरले?
२. जुन्या वस्तूजवळ कोणती माहिती लिहावी व का?